मालक निवडण्याचा हक्क मिळाला, तर मॅनेजर निवडण्याचाही मागावा का?

राखीव खेळाडू (प्रश्न)

मी इंग्लंडमधल्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबचा, दुरून सामने पाहणारा पाठीराखा आहे. गेल्या वीस वर्षांतला माझा निम्मा राग मालकांवर खर्च झाला आणि उरलेला निम्मा त्या त्या वेळी जो कोणी मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, असेल त्याच्यावर.

मालकांबद्दलचे माझे मत पक्के आहे. 2005 साली ग्लेझर कुटुंबाने हा क्लब सुमारे 79 कोटी पौंडांना घेतला. त्यातला मोठा भाग कर्जाचा होता आणि त्या कर्जाचा बराचसा बोजा क्लबच्याच माथी आला; म्हणजे तोवर कर्जमुक्त असलेल्या क्लबला स्वतःच्याच विक्रीचे व्याज भरत बसावे लागले. त्याआधी क्लबचे शेअर बाजारात होते आणि अनेक पाठीराख्यांनी हौसेने त्यातले थोडेथोडे घेऊन ठेवले होते. खरेदीदाराकडे पुरेसे शेअर जमल्यावर उरलेल्यांनाही आपले शेअर विकणे कायद्याने भाग पडले, त्यामुळे ज्यांचा या व्यवहाराला विरोध होता त्यांनाही सक्तीने धनादेश स्वीकारून बाहेर पडावे लागले. तेव्हापासून माझे म्हणणे एकच राहिले आहे, की क्लबची सूत्रे पाठीराख्यांच्या मताने ठरली पाहिजेत.

माझी अडचण मॅनेजरपाशी सुरू होते. मालक निवडण्याचा हक्क मागायचा, तर मॅनेजर ठेवण्या-काढण्याचा का मागू नये, असा प्रश्न एका मित्राने केला आणि मला धड उत्तर देता आले नाही. माझ्या स्वतःच्या मतांचा हिशेब मांडून पाहिला, तर तो फारसा अभिमानास्पद नाही. 2014 मध्ये डेव्हिड मॉयेस यांना दहा महिन्यांतच काढले, तेव्हा मी समाधानाने मान हलवली होती. मे 2024 मध्ये एरिक टेन हाग यांच्या संघाने अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीला 2-1 असे हरवून एफए कप (इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचा, म्हणजे एफएचा, चषक) जिंकला, तेव्हा लीगमधले आठवे स्थान विसरून मी त्यांना ठेवावे असे लिहिले होते. क्लबनेही तसेच केले, त्यांचा करार जुलैमध्ये वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना काढून टाकले. त्या मे महिन्यात मतपत्रिका हातात आली असती, तर मी क्लबच्या संचालकांइतकीच चूक केली असती, आणि तीही अधिक उत्साहाने.

याच्या उलटे उदाहरण सर्वांना ठाऊक आहेच. नोव्हेंबर 1986 मध्ये आलेल्या अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांच्याविरुद्ध डिसेंबर 1989 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे क्लबच्या घरच्याच मैदानावर, 'तीन वर्षे नुसती कारणे' अशा अर्थाचा फलक झळकला होता आणि त्या हंगामात संघ लीगमध्ये तेरावा आला. त्या महिन्यात मतदान झाले असते, तर निकाल काय लागला असता हे सांगायला ज्योतिषी नको. पुढे 2013 पर्यंत त्याच माणसाने क्लबला 38 चषक मिळवून दिले.

तेव्हा माझा प्रश्न असा आहे: पाठीराख्यांना मत मिळालेच, तर ते नेमके कशावर असावे? मालकीवर, अध्यक्षपदावर, मॅनेजरवर, की या सगळ्यांवर? जिथे असे मतदान प्रत्यक्षात होते, तिथला अनुभव काय सांगतो? आणि माझ्यासारख्या दूर राहणाऱ्या, कधीही स्टेडियममध्ये पाऊल न ठेवलेल्या माणसाला हे मत असावे का? 'मालक हटवा' एवढ्याच घोषणेत मला रस नाही; ती मी स्वतःच पुष्कळदा दिली आहे.

पिवळी भिंत

राखीव खेळाडू यांनी स्वतःच्या चुकांपासून सुरुवात केली, हे मला आवडले. मी डॉर्टमुंड या जर्मन क्लबचा पाठीराखा असल्यामुळे जर्मनीबद्दल सांगतो. पण जर्मनीचे नाव काढले की आपल्याकडच्या चर्चा लगेच भक्तिभावाकडे झुकतात, म्हणून आधी नियम नीट समजून घेऊ.

1998 मध्ये जर्मन क्लबांना आपला व्यावसायिक फुटबॉल विभाग कंपनीत रूपांतरित करण्याची मुभा मिळाली आणि त्याच वेळी '50+1' ही अट घालण्यात आली. कंपनीतल्या मतांपैकी निम्म्याहून किमान एक मत अधिक, सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहिले पाहिजे, असे ती अट सांगते. ही अट मतांची आहे, भांडवलाची नाही. डॉर्टमुंडचे शेअर 2000 सालापासून बाजारात आहेत आणि मूळ संस्थेकडे भांडवलाचा अगदी छोटा वाटा आहे. तरीही कंपनीचा कारभार पाहणारी संस्था तिच्याच ताब्यात असल्यामुळे सूत्रे सभासदांच्या संस्थेकडे राहतात. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग हे क्लब अनुक्रमे बायर आणि फोल्क्सवागन या कंपन्यांचे, त्यांना जुन्या संबंधामुळे सवलत मिळाली. लाइपझिगमध्ये नियमाची अक्षरे पाळली गेली आहेत, पण तिथे मताधिकार असलेले सभासद इतके मोजके आहेत की एका खोलीत आरामात बसावेत. आणि सलग अकरा वर्षे विजेतेपद राखणाऱ्या बायर्न म्युनिकची मक्तेदारी 2024 मध्ये मोडली ती सवलतीवर चालणाऱ्या लेव्हरकुसेनने, लीगमध्ये एकही सामना न हरता. आम्हा नियमभक्तांना त्या वर्षी टाळ्या वाजवताना जरा अवघडल्यासारखे झाले होते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. जर्मनीत सभासद प्रशिक्षक निवडत नाहीत. ते वार्षिक सभेत अध्यक्ष किंवा देखरेख करणारे मंडळ निवडतात, ते मंडळ कारभारी नेमते, कारभारी क्रीडा संचालक नेमतो आणि प्रशिक्षकाची निवड तिथे होते. ही उतरंड कंटाळवाणी वाटते, पण फेब्रुवारी 2015 मध्ये आमचा संघ गुणतक्त्याच्या तळाला होता, तेव्हा तिचे मोल मला कळले. आमचे तेव्हाचे प्रशिक्षक यर्गन क्लॉप यांच्याबद्दल कोणी कोणाचे मत विचारले नाही, त्यांना काढलेही नाही. संघ सातव्या स्थानापर्यंत वर आला, चषकाच्या अंतिम सामन्यातही खेळला आणि क्लॉप स्वतः ठरवून गेले. त्या फेब्रुवारीत गुणतक्ता उघडायचीसुद्धा मला भीती वाटत असे. अशा अवस्थेत माझ्या हाती मतपत्रिका देणे कोणाच्याच हिताचे झाले नसते.

उतरंडीची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण आपले मत मधल्या एखाद्या पायरीवर हरवू शकते. डिसेंबर 2023 मध्ये लीगच्या प्रसारणहक्कांच्या उत्पन्नात गुंतवणूकदार आणण्याचा प्रस्ताव 36 क्लबांपुढे आला. दोन तृतीयांश, म्हणजे 24 मते हवी होती. बरोबर 24 मिळाली. हानोवर क्लबच्या मूळ संस्थेने आपले प्रतिनिधी मार्टिन किंड यांना विरोधात मत देण्याची सूचना केली होती, पण मतदान गुप्त होते आणि इतर क्लबांनी जाहीर केलेल्या भूमिका जुळवून पाहिल्यावर सगळ्यांचा संशय त्यांच्यावर गेला. एका मताने ठरलेला निर्णय, आणि ते एक मत कोणाच्या इच्छेने पडले हे सभासदांना पाहताच येत नाही! त्यानंतर आठवड्यामागून आठवडे प्रेक्षकांनी मैदानावर टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये लीगने तो व्यवहार सोडून दिला. म्हणून राखीव खेळाडू यांनी आपल्या मागणीत एक गोष्ट जोडावी: प्रतिनिधीने आपल्या नावाने दिलेले मत आपल्याला दिसले पाहिजे.

तिसरा कॉर्नर

पिवळी भिंत यांचे विवेचन चांगले आहे, पण त्यांनी निवडणुकीतला सगळ्यात ओंगळ भाग सोडून दिला, आणि तो म्हणजे प्रचार. जर्मनीत वार्षिक सभा शिस्तीत पार पडत असतीलही. स्पेन, पोर्तुगाल आणि तुर्कस्तानात मात्र अध्यक्षपदाची निवडणूक म्हणजे खेळाडू आणि मॅनेजर यांच्या नावांचा लिलाव असतो. सभासद मॅनेजर निवडत नाहीत हे कागदावर खरे आहे, पण अध्यक्षपदाचा उमेदवार त्याचे नाव खिशात घेऊनच फिरतो.

स्पेनमधल्या रेआल माद्रिदचे अध्यक्ष लोरेन्झो सान्झ मे 2000 मध्ये दुसऱ्यांदा युरोपियन विजेतेपद घेऊन आले होते आणि जुलैमध्ये निवडणूक हरले. प्रतिस्पर्धी फ्लोरेंटिनो पेरेझ यांनी बार्सिलोनाचा लुईस फिगो आणून दाखवण्याचे वचन दिले आणि ते पाळलेही. म्हणजे दोन वर्षांच्या अंतराने दोन युरोपियन चषक आणणारा अध्यक्ष एका खेळाडूच्या वचनापुढे पडला. त्याच पेरेझ यांच्या काळात मॅनेजर विसेंते देल बोस्के यांनी 2003 मध्ये लीग जिंकली आणि लगोलग त्यांना निरोप मिळाला. सभासदांच्या मताने चालणाऱ्या क्लबमध्येही यशस्वी मॅनेजरची नोकरी एवढीच सुरक्षित असते. पुढे 2012 मध्ये तिथले नियम बदलले: उमेदवार किमान वीस वर्षे सभासद असावा आणि क्लबच्या वार्षिक अंदाजपत्रकाच्या 15 टक्के रकमेची बँक हमी त्याने द्यावी. एवढ्या मोठ्या क्लबच्या अंदाजपत्रकाचे 15 टक्के कोण देऊ शकतो, याचा विचार करा. त्यानंतर पेरेझ एकामागून एक निवडणुका बिनविरोध जिंकत आले, यात नवल नाही. मताचा हक्क जसाच्या तसा आहे, फक्त मत द्यायला दुसरा उमेदवार उरलेला नाही.

बार्सिलोनात अध्यक्ष जुझेप मारिया बार्तोमेऊ यांच्यावर अविश्वासाचे मतदान येऊ घातले, म्हणून ऑक्टोबर 2020 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ही व्यवस्थेची जमेची बाजू मी मान्य करतो, कारण ग्लेझर कुटुंबाला असा राजीनामा देण्याची वेळ कधी आली नाही. पण मार्च 2021 च्या निवडणुकीचा सगळा प्रचार लिओनेल मेस्सीला कोण थांबवून ठेवू शकेल, याभोवती फिरला. मेस्सी स्वतः मत द्यायला गेला होता. जोआन लापोर्ता निवडून आले, आणि ऑगस्टमध्ये मेस्सी रडत रडत क्लब सोडून गेला, कारण क्लबच्या हिशेबवहीत त्याच्या पगाराला जागाच नव्हती. ती हिशेबवही मतदानाच्या दिवशीही तशीच होती. ती उघडून पाहण्याची तसदी मतदारांनी घेतली नाही.

याहून बोलके उदाहरण पोर्तुगालमधल्या पोर्तोचे. पिंटो दा कोस्टा तिथे 1982 पासून अध्यक्ष होते. एप्रिल 2024 च्या निवडणुकीला दोन दिवस राहिले असताना त्यांनी लोकप्रिय प्रशिक्षक सेर्जिओ कॉन्सेसाव यांचा करार वाढवला. मतदारांनी त्याला भीक घातली नाही आणि क्लबचे माजी प्रशिक्षक आंद्रे व्हिलास-बोआस सुमारे 80 टक्के मते घेऊन जिंकले. मग तो नवा करार काही आठवड्यांत गुंडाळला गेला आणि कॉन्सेसाव निघून गेले. एका प्रशिक्षकाची नेमणूक प्रचारपत्रक म्हणून वापरली गेली, आणि प्रचार संपल्यावर पत्रकाचे जे होते तेच तिचे झाले. जून 2024 मध्ये तुर्कस्तानच्या फेनेरबाचे क्लबमध्येही हेच घडले. प्रतिस्पर्धी अझीझ यिल्दिरिम होसे मोरिन्हो यांचे नाव घेत असताना अध्यक्ष अली कोच यांनी मतदानाच्या तोंडावर मॅनेजर म्हणून मोरिन्हो यांच्याशीच करार केला आणि निवडणूक जिंकली. ऑगस्ट 2025 मध्ये मोरिन्हो यांना काढले आणि सप्टेंबरमध्ये कोच स्वतः हरले.

तेव्हा राखीव खेळाडू यांनी मॅनेजरवर मत मागू नये हे ठीक आहे, पण अध्यक्षपदाची निवडणूक मागितली की मॅनेजरवरचे मत मागच्या दाराने आत येतेच. मला विचाराल, तर सावध आणि श्रीमंत मालक मला पुष्कळ बरा वाटतो. ब्रायटनचे टोनी ब्लूम किंवा ब्रेंटफर्डचे मॅथ्यू बेनहॅम मॅनेजर गेला तरी गडबडत नाहीत, कारण त्यांना चार महिन्यांनी कोणापुढे मते मागायची नसतात.

जुनी शिट्टी

तिसरा कॉर्नर यांनी ब्लूम आणि बेनहॅम ही दोन नावे घेतली. दोघेही आपापल्या क्लबचे लहानपणापासूनचे पाठीराखे आहेत, ही गोष्ट त्यांच्याकडून राहिली. शिवाय ब्रेंटफर्ड 2006 पासून सहा वर्षे पाठीराख्यांच्याच ताब्यात होता आणि 2012 मध्ये त्यांनी तो बेनहॅम यांच्याकडे सोपवला. चांगला मालक आकाशातून पडत नाही. तिथे तो निवडून घेतला गेला, आणि तेही अगदी बारकाईने. असा मालक मिळेपर्यंत ज्यांच्या वाट्याला दुसरे मालक आले त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच, म्हणून मी इंग्लंडच्या खालच्या श्रेणींतला अनुभव थोडा विस्ताराने सांगतो.

मॅनेजरचे काम पाठीराख्यांच्या मताने चालवून पाहण्याचा प्रयोग खरोखरच झालेला आहे. 2008 मध्ये एका संकेतस्थळाच्या तीस हजारांहून अधिक सभासदांनी प्रत्येकी 35 पौंड भरून एब्सफ्लीट युनायटेड या छोट्या क्लबचा बहुसंख्य हिस्सा विकत घेतला. मूळ कल्पना अशी होती, की संघात कोण खेळणार हेसुद्धा सभासदांनी घरबसल्या मत देऊन ठरवायचे. हक्क हातात आल्यावर सभासदांनी काय केले? संघनिवड मॅनेजर लिअम डेश यांच्याकडेच ठेवावी, असा कौल त्यांनी दिला. त्याच वर्षी मे महिन्यात डेश यांचा संघ वेम्ब्लीवर टॉर्कीला 1-0 असे हरवून एफए ट्रॉफी घेऊन आला. म्हणजे आपल्या मूळ प्रश्नाला हजारो माणसांनी आधीच उत्तर देऊन ठेवले आहे. पुढची गोष्ट मात्र उदास आहे. दुसऱ्या वर्षी वर्गणी भरायची वेळ आली तेव्हा सभासदांची संख्या झपाट्याने घसरली, पैसा आटला आणि 2013 मध्ये क्लब दुसऱ्या मालकांकडे गेला. मत द्यायला तीस हजार माणसे सहज जमली, पण वर्षामागून वर्षे वर्गणी भरणारी त्यांच्यात फार थोडी निघाली.

मतदानात प्रश्न कोण लिहितो, हेही पाहावे. हल सिटीचे मालक असेम अल्लाम यांना क्लबचे नाव 'हल टायगर्स' करायचे होते. 2014 मध्ये त्यांनी हंगामी तिकीटधारकांकडे मतपत्रिका पाठवल्या. 'हल टायगर्स' या नावाला होकार देणारा पर्याय अल्लाम कुटुंबाने क्लबचे नेतृत्व पुढेही करण्याशी जोडलेला होता, म्हणजे नावाला नकार देणाऱ्याने मालक सोडून जाण्याची जोखीम पत्करायची. पंधरा हजारांवर मतपत्रिका गेल्या, 5,874 परत आल्या. 2,565 होकाराच्या, 2,517 नकाराच्या आणि 792 'आम्हाला फारसा फरक पडत नाही' अशा. अवघ्या 48 मतांचे अंतर, आणि तेही अशा मतपत्रिकेवर! शेवटी एफएच्या परिषदेने नावबदल फेटाळला. निवडणूक झाली म्हणून लोकांची इच्छा कळली, असे मानणाऱ्यांनी ती मतपत्रिका एकदा वाचावी.

मला सर्वांत शहाणे वाटणारे मतदान चेल्सीत झाले, आणि चेल्सीचे कौतुक मी सहसा करत नाही. स्टॅमफर्ड ब्रिजची जमीन आणि 'चेल्सी फुटबॉल क्लब' हे नाव क्लबच्या मालकाचे नाही. ते पाठीराख्यांनी शेअर घेऊन उभारलेल्या चेल्सी पिच ओनर्स या वेगळ्या कंपनीचे आहे. ऑक्टोबर 2011 मध्ये तेव्हाचे मालक रोमान अब्रामोविच यांच्या काळात क्लबने ती जमीन परत मागितली. ठरावाला 75 टक्के मते हवी होती, 61.6 टक्के पडली आणि ठराव नापास झाला. बहुसंख्य भागधारक विकायला तयार होते, तरी जमीन वाचली, कारण जी गोष्ट एकदा गेली की परत येत नाही तिच्यासाठी साधे बहुमत पुरेसे नाही, हे आधीच लिहून ठेवले होते. त्याच अब्रामोविच यांनी किती मॅनेजर बदलले ते आपण सर्वांनी पाहिले, आणि त्यावर भागधारकांनी कधी मत मागितले नाही.

माझे उत्तर मी याच ओळीवर शोधतो. मॅनेजर चुकला तर दुसरा येतो. लंडनच्या विम्बल्डन क्लबला 2002 मध्ये मिल्टन कीन्स या दुसऱ्या गावी जाण्याची परवानगी मिळाली, ती चूक भरून काढायला पाठीराख्यांना नवा क्लब काढून अगदी खालच्या पायरीपासून चढत यावे लागले आणि प्लाऊ लेन या आपल्या मूळ ठिकाणी परतेपर्यंत 2020 साल उजाडले. मत मागायचे तर जमीन, नाव, रंग, बोधचिन्ह आणि विक्री यांवर मागावे. ते वर्षातून एकदा नसले तरी चालेल, पण त्याला लागणाऱ्या मतांचा उंबरठा उंच असावा. कोणी म्हणेल की विक्रीवर मत दिले तर पाठीराखे कधीच विकणार नाहीत. तसेही नाही. पोर्टस्मथ 2013 मध्ये पाठीराख्यांच्या न्यासाने दिवाळखोरीतून सोडवला, खालच्या श्रेणीतून वर आणला आणि 2017 मध्ये, पुढे जायला लागणारा पैसा आपल्याकडे नाही हे ओळखून, मोठ्या बहुमताने अमेरिकन उद्योगपती मायकेल आयझनर यांना विकला. ते मत देताना अनेकांना रडू आले असेल, पण हिशेब त्यांनी पाहिला होता. बार्सिलोनाच्या मतदारांवर तिसरा कॉर्नर यांनी जो आक्षेप घेतला, तो पोर्टस्मथच्या मतदारांना लागू होत नाही.

नव्वदावे मिनिट

थोडक्यात एक भर. स्वीडनमध्येही 51 टक्के मते सभासदांकडे असतात. तिथल्या सभासदांनी आपापल्या क्लबांच्या सभांत ठराव करून व्हीएआरला, म्हणजे व्हिडिओ पाहून पंचांचे निर्णय तपासण्याच्या पद्धतीला, विरोध केला आणि एप्रिल 2024 मध्ये महासंघाला ती व्यवस्था आणण्याचा विचार सोडावा लागला. मालक, मॅनेजर आणि जमीन यांच्या पलीकडे, सामना पाहण्याचा अनुभव कसा असावा यावरही पाठीराखे मत देऊ शकतात, आणि त्या बाबतीत त्यांच्याइतका जाणकार मला तरी दुसरा दिसत नाही. मॅनेजरच्या बाबतीत मात्र राखीव खेळाडू यांच्याशी मी सहमत आहे. लेस्टरला 2016 मध्ये विजेतेपद मिळवून देणाऱ्या क्लॉडिओ रानिएरी यांना नऊ महिन्यांनी काढले, तेव्हा मी हळहळलो होतो. पण त्या रात्री मतदान असते तर हळहळूनही मी 'काढा' असेच मत दिले असते, कारण संघ खालच्या श्रेणीत घसरायच्या बेतात होता.

राखीव खेळाडू

सर्वांचे आभार. जुनी शिट्टी यांच्या उत्तरामुळे माझ्या मित्राला काय सांगायचे ते मला सापडले: मी मत मागतो ते परत न फिरवता येणाऱ्या गोष्टींवर, आणि 2005 मधला आमचा व्यवहार तशा गोष्टींत पहिला होता. 1999 मध्ये आमचा क्लब घेण्यासाठी बीस्कायबी या टीव्ही कंपनीने लावलेली बोली सरकारने मक्तेदारी आयोगाच्या अहवालावरून अडवली होती, म्हणून आम्ही गाफील राहिलो. सहा वर्षांनी अडवणारे कोणी नव्हते. उंच उंबरठ्याचे एखादे मतदान तेव्हा असते, तर कर्ज काढून केलेली खरेदी त्यातून पार पडली असती असे मला वाटत नाही.

तिसरा कॉर्नर यांच्या आक्षेपाचे पूर्ण निराकरण माझ्याकडे नाही. अध्यक्ष निवडायचा म्हटले की प्रचार येणार आणि प्रचारात मॅनेजर येणार, हे पटले. म्हणूनच मला आता अध्यक्षाच्या निवडणुकीपेक्षा नकाराधिकार अधिक आवडू लागला आहे. त्याच्यासाठी कोणाला फिगो आणावा लागत नाही. मात्र सावध मालकाच्या बाबतीत मी त्यांच्याशी सहमत नाही, कारण मालक सावध आहे की नाही हे विक्रीच्या दिवशी कळत नाही, आणि कळते तेव्हा हातात काही उरलेले नसते. 2012 मध्ये मालक व्हिन्सेंट टॅन यांनी कार्डिफ क्लबच्या पोशाखाचा निळा रंग लाल केला, तो निळा व्हायला जानेवारी 2015 उजाडला.

माझा शेवटचा प्रश्न मात्र सगळ्यांनी टाळला. दूर राहणाऱ्याचे मत मोजावे का?

जुनी शिट्टी

टाळला नव्हता, उत्तर कडू होते म्हणून मागे ठेवले होते. इंग्लंडमध्ये जुलै 2025 मध्ये फुटबॉल कारभाराचा कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक आला. कार्डिफसारखा प्रकार पुन्हा होऊ नये म्हणून बोधचिन्ह किंवा घरच्या पोशाखाचे मुख्य रंग बदलण्याआधी क्लबने बहुसंख्य पाठीराख्यांचा पाठिंबा अजमावला पाहिजे, असे त्यात आहे. पण कायद्यात ते पाठीराखे 'इंग्लंड आणि वेल्समधले' असे म्हटले आहे. आपण रात्र रात्र जागून सामने पाहतो, तिकडे आपली मोजणी नाही. मला हे अन्यायाचे वाटत नाही. मैदान हलवले तर ज्याची शनिवारची दुपार जाते त्याने ठरवावे. आपल्या पडद्यावर ते मैदान कुठेही असले तरी तेवढेच दिसते.

आपल्याला खरोखर मत द्यायचेच असेल, तर 2005 मध्ये ग्लेझर यांच्या खरेदीला कंटाळून मँचेस्टर युनायटेडच्याच पाठीराख्यांनी काढलेला एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर आहे. तिथे कितीही पैसे भरले तरी एका सभासदाला एकच मत मिळते. सभासद संचालक मंडळ निवडतात आणि मॅनेजर मंडळ नेमते. पहिले मॅनेजर कार्ल मार्जिन्सन तिथे बारा वर्षे राहिले; अधूनमधून त्यांच्यावरही पाठीराखे चिडले असतीलच.

राखीव खेळाडू

बारा वर्षे! आमच्याकडे 2013 पासून एकालाही तीन वर्षे धड पुरी करता आलेली नाहीत. सभासदत्वाचे नियम आज रात्री वाचतो. दुसऱ्या वर्षीची वर्गणीही भरेन, एवढे आत्ताच लिहून ठेवतो, म्हणजे एब्सफ्लीटचे उदाहरण माझ्यावर उलटवता येणार नाही.